आम्हालाही लहर येते

आम्ही तुडीलच्या बायका. महाड तालुक्यात सावित्रीच्या खाडीकडचा जो भाग आहे त्याला खाडीपट्टा म्हणतात, तिथल्या. आज बोलायचंय एका दिवसाच्या पाहुण्यांबद्दल.

आमच्याकडे मुंबईहून येणारा माणूस म्हणजे चाकरमानी. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंब्याला येतो. पिशव्या घेऊन येतो, चार दिवस राहतो, भांडतो, रडतो आणि जातो. पण सकाळी यायचं, दुपारी जेवायचं आणि संध्याकाळी परत जायचं, हे आम्हाला नवीन होतं. मुंबई ते महाड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. तेवढं यायचं आणि तेवढंच परत जायचं! आमच्या एका काकी म्हणाल्या, "यांना घरात पंखे नाहीत का?"

तरी लोक येतात. कोणी गाडीने, कोणी दिव्याच्या पॅसेंजरने वीर स्टेशनला उतरून. बहुतेक जण रायगड बघायला आलेले असतात, काही गांधारपाल्याची लेणी बघतात, आणि मग कोणीतरी सांगितलेलं असतं की खाडीपट्ट्यात बचत गटाच्या बायका घरचं जेवण देतात. ते आम्ही. तांदळाची भाकरी, खाडीचे मासे, नाहीतर कडव्या वालांचं बिरडं, पावसात भारंगी आणि टाकळा. मासे न खाणाऱ्यांचं वेगळं करतो.

पण काही पाहुण्यांची लहर वेगळीच. एक जोडपं फक्त भरती बघायला आलं होतं. ओहोटीला आले, चिखल बघत बसले, पाणी वर चढेपर्यंत हलले नाहीत. आम्ही तर ते पाणी जन्मापासून बघतोय. काय बघायचं त्यात, म्हणून आमच्यातल्या दोघी त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या, आणि त्याही उठेनात. एक आजी नातवाला घेऊन आल्या, त्याला बेडूक ऐकवायचे म्हणून. एक मुलगी आली ती तिच्या आईने लहानपणी सांगितलेली विहीर शोधत. विहीर सापडली. तिने बादलीभर पाणी शेंदलं, चेहऱ्यावर मारलं आणि गेली. जेवलीसुद्धा नाही.

आमच्या मुली मोबाइलवर कोरियन मालिका बघतात. त्यांनी सांगितलं की तिकडेही हेच चालतं. सोल हे त्यांचं मोठं शहर. तिथून माणसं सकाळी आगगाडीत बसून चुनचॉनकडच्या डोंगरात जातात. तिथला जुना रेल्वेमार्ग बंद पडला, तर त्याच रुळांवर पायाने पायडल मारायच्या गाड्या ठेवल्या आहेत. जवळच्या एका स्टेशनाला किम यू-जॉंग नावाच्या लेखकाचं नाव दिलंय, कारण तो त्या गावचा. आम्हाला हे फार आवडलं. मग त्याच काकींनी विचारलं, "आणि त्या सगळ्यांचा स्वयंपाक कोण करतं?"

मुलींना ते माहीत नव्हतं. मालिकेत दाखवलं नव्हतं म्हणाल्या.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. शहरातली बाई इथे येते, पाय पसरून बसते, म्हणते, "आज मला काही करायचं नाही." आम्हाला तिचा राग येत नाही. तीही वर्षभर लोकल आणि डबे यांत पिचलेली असते. पण तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही पहाटे चारला उठतो. एकदा बावीस जणांचं जेवण सांगून एक मंडळी आलीच नाहीत, फोनही बंद. त्या रात्री सगळ्या वाडीने कोंबडीचा रस्सा खाल्ला. पोरांची चंगळ झाली, गटाच्या वहीत मात्र खड्डा पडला. तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ घेतो. मागताना पहिल्यांदा जीभ अडखळली होती, आता नाही अडखळत.

पावसाचंही तसंच. धबधबे बघायचे म्हणून जुलैत सगळ्यात जास्त फोन येतात. आम्ही आभाळ बघून "नको" म्हणतो, तर लोक रागावतात. त्यांना काय सांगणार? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल एस.टी.च्या दोन गाड्यांसकट वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. इथे पाऊस बघायला येतात, पण इथला पाऊस आम्हाला माहीत आहे. एक दिवसाचे पैसे बुडाले तरी चालतील.

तर काकींच्या त्या प्रश्नावर गटात तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की आपणही जायचं. कामाने नाही, लग्नाला नाही, दवाखान्यात नाही. नुसतं जायचं. भात झोडून झालं होतं. जीप ठरवली, अकरा जणी निघालो.

आधी महाडला चवदार तळ्यावर उतरलो. बाजाराला वर्षानुवर्षं जातो, पण तळ्याच्या काठी कधी बसलो नव्हतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारो माणसांनी इथलं पाणी प्यायलं. पाणी भरण्यात आमचा जन्म गेलाय, त्यामुळे ओंजळभर पाण्यासाठी काय करावं लागलं ते आम्हाला फार समजावून सांगावं लागलं नाही. बऱ्याच वेळ कोणी बोललं नाही. मग पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबलो. डबे तिथून पुढे झाडाखाली सोडले. भाकऱ्या पहाटे आम्हीच थापल्या होत्या, ते काही सुटलं नाही.

रायगडावर रोपवेने गेलो. तो १९९६ पासून आहे आणि आमच्यातल्या नऊ जणी त्यात पहिल्यांदाच बसल्या. एकीने वर पोचेपर्यंत डोळे उघडले नाहीत. पैसे परत मागायचे का, म्हणून आम्ही तिला अजून चिडवतो.

गडावर हिरकणीची गोष्ट निघाली. ती तुम्हाला ठाऊक आहे. गवळण दूध विकायला गडावर आली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. तिथे महाराजांनी बुरूज बांधला असं सांगतात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते, आणि अकराच्या अकरा जणी एकमेकींच्या मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. दूध काढायचंय, मुलगा शाळेतून आला असेल, सासऱ्यांची गोळी. आणि आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजी कड्याकडे बघत म्हणाल्या, "हिरकणीच्या घरात दुसरं कोणी नव्हतं का गं?"

आम्ही हसलो. मग खाली बसलो. तासभर बसलो.

घरी पोचायला साडेआठ वाजले. एका घरी मुलाने भात लावला होता, खाली करपलेला, पण लावला होता. एका घरी शेजारच्या आपांनी म्हैस पिळून ठेवली होती. दोन घरी चूल थंडच होती, आणि तिथे त्या रात्री काय बोलणं झालं ते आम्ही रेडिओवर सांगणार नाही.

पुढच्या आठवड्यात फोन आला. दहा माणसं, रविवारचं जेवण. वहीत बघितलं आणि सांगितलं, त्या रविवारी आम्ही बाहेर जाणार आहोत. त्या बाईंनी विचारलं, कुठे? अजून नक्की नाही. सवचे गरम पाण्याचे झरे राहिलेत, वाळणकोंडचे मासे राहिलेत. त्या म्हणाल्या, मग आम्हालाही न्या की. जीपमध्ये दोन जागा आहेत, डबा ज्याचा त्याने आणायचा, असं कळवलंय.