कानाने शिकणे



चैत्री यात्रेचा गुलाल अजून या पायऱ्यांवरून पुरता धुतला गेलेला नाही. अशा वेळी देवाच्या डोंगरावर विद्यापीठाच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. विद्यापीठात विद्यार्थी म्हणून आम्ही कधी पाऊल टाकले नाही, हे खरे. आमचे शिक्षण झाले ते सांगली आकाशवाणी ऐकून आणि अशाच व्याख्यानांना मागच्या रांगेत बसून. म्हणून ऐकून शिकण्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आम्ही घेतो.

आकाशवाणीवरील भाषणाची वेळ चुकली की ते गेले. पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित करून ठेवलेले भाषण. ते मोबाइलवर घ्यावे आणि सवडीने ऐकावे. ते श्रोत्यासाठी थांबते. हा शब्द २००४ साली प्रचारात आला; त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी आयपॉड वाटले. कल्पना मात्र जुनी. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून नोकरदारांना शिकविले. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. १९६२ साली स्थापन झालेले आपले शिवाजी विद्यापीठही दूरशिक्षण देते.

याच डोंगरावरचा एक मुलगा आमच्या युनियनमध्ये आहे. शिरोलीच्या एका फौंड्रीत पाळीने राबतो आणि बाहेरून अर्थशास्त्राची परीक्षा देतो. वर्गात बसणे त्याला शक्य नाही. एसटीत तो व्याख्याने ऐकतो. एकदा येऊन म्हणाला, "आण्णा, तीनदा ऐकलं. पगार वाढला तरी वास्तव वेतन घटतं, हे कसं हो?"

आम्ही त्याच्या पगाराची चिठ्ठी मागितली. शंभराला दहा रुपये पगार वाढला आणि बाजारभाव शंभराला पंधराने चढले, तर घरात शाळू कमीच येणार! पोराचा चेहरा उजळला. व्याख्यान निर्दोष होते. पण ध्वनिमुद्रणाला प्रश्न विचारता येत नाही आणि त्याला आपली पगारचिठ्ठी दिसत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. व्याख्याने मराठीत असावीत, पंधरा-वीस मिनिटांची असावीत, सोबत लेखी टिपण असावे. पोरांनी ती यंत्रावर उभे राहून किंवा घाटात मोटारसायकलीवर ऐकू नयेत. कान तिकडे गेला की हात इकडे जातो. आणि वाचलेला तास प्राध्यापकाने शंकासमाधानाला द्यावा, तोही पाळीतल्या मुलांना येता येईल अशा वेळी.

एक धोकाही सांगतो. आज अनेक महाविद्यालयांत तरुण शिक्षक तासिका तत्त्वावर शिकवितात; तास घेतला तर पैसे. त्यांचा आवाज एकदा भरून घेतला की पुढच्या वर्षी माणूस कशाला, असा हिशोब कोणीतरी करील. यंत्र आले की आधी माणूस कमी करण्याचा विचार होतो, हे आम्ही कारखान्यात पाहिले आहे. ध्वनिमुद्रणाचा मोबदला आणि ते पुन्हा वापरण्यावर शिक्षकाचा हक्क, हे आधी लेखी ठरले पाहिजे. गरीब विद्यार्थ्याची सोय गरीब शिक्षकाच्या पोटावर पाय देऊन होता कामा नये.

सासनकाठी कितीही उंच असली तरी ती एकट्याच्या बळावर उभी राहत नाही; चहूबाजूंनी दोर धरणारी माणसे लागतात. विद्येचेही तसेच आहे. व्याख्यान खिशात आले, ही चांगलीच गोष्ट झाली. आता दोर सोडू नका, एवढीच विनंती करून आम्ही रजा घेतो.