तार सुधारते, जिवाणू दमतो

नदीच्या गाळात जिओबॅक्टर जातीचे जिवाणू राहतात. अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून १९८७ साली ते प्रथम वेगळे केले गेले. प्रयोगशाळेत ग्रॅफाइटच्या पट्टीवर त्यांचा लालसर, बुळबुळीत थर धरतो. अॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार, खाऊन ते पट्टीला इलेक्ट्रॉन देतात आणि वीज वाहू लागते. पण दर आठ इलेक्ट्रॉनांमागे सात प्रोटॉन उरतात. ते पट्टीलगत साचले की तिथला सामू घसरतो, आम्लता वाढते.

गंमत पाहा, आम्लता वाढली की जिवाणूंचे केसांहून बारीक प्रथिनतंतू वीज अधिक सहज वाहून नेतात. जिवाणू मात्र मलूल होतो. तार सुधारली, पण वीज करणाराच दमला! म्हणून प्रयोगशाळेत पाण्यात बायकार्बोनेट घालतात, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातलंच द्रव्य. आम्ल शमतं, प्रवाह पुन्हा वाढतो.