पात्राची पारख : उद्योजकांचे दान आणि विश्वासार्ह संस्था



वाईच्या पेठेत हळदीचा सौदा करणारा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय पोत्याचा भाव बोलत नाही. नव्या गिऱ्हाइकाला उधारी द्यायची असेल तर चार ठिकाणी चौकशी करतो. मात्र सायंकाळी कोणी पावती-पुस्तक घेऊन दुकानात आला, की हाच व्यापारी संस्थेचे नावही नीट न वाचता गल्ल्यातून पाचशे-हजार काढून देतो. कधी भिडेपोटी, कधी ओळखीखातर, तर कधी पुढचे गिऱ्हाईक खोळंबले आहे म्हणून! कारखानदार असेल तर रक्कम मोठी होते, पद्धत तीच राहते. पैसा इतक्या कसोशीने मिळवणारा समाज तो इतक्या सैलपणाने का देतो, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवी वर्षात विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

शास्त्राने हा सैलपणा शिकवलेला नाही. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांनी शिरोधार्य मानलेल्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, आचार्य उमास्वातींनी दानाचे वैशिष्ट्य चार गोष्टींवर अवलंबून ठेवले आहे : विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. द्रव्य आणि दाता यांची चर्चा समाजात पुष्कळ होते, शिलालेखही कोरले जातात. पात्राची चर्चा क्वचितच होते. करुणादानात पात्रापात्र पाहू नये, असा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो खराही आहे. दारात उभ्या असलेल्या भुकेल्याला कोणी नोंदणी क्रमांक विचारू नये. परंतु संस्था म्हणजे भुकेला मनुष्य नव्हे. ती भुकेल्याच्या नावाने द्रव्य स्वीकारणारी मध्यस्थ आहे, आणि मध्यस्थाचा हिशेब पाहिल्याने करुणेला बाध येत नाही.

मंदिराच्या पेढीवर तर ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया, साधारण अशी खाती निराळी असतात. देवद्रव्यातील रक्कम साधारण खात्यात वळवणे हा मोठा दोष मानला जातो. दात्याने ज्या हेतूने दिले त्याच हेतूने ते खर्च झाले पाहिजे, हे तत्त्व आजचे लेखापरीक्षक राखीव निधी या नावाने समजावून सांगतात. जैन मुनीम ते त्यांच्या कितीतरी आधीपासून वहीत पाळत आला आहे. पेढीच्या उंबऱ्याबाहेर पडलेल्या दानाला मात्र हीच वही लागू होत नाही.

पूर्वी याची तितकी गरजही नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन कुटुंबातले, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले. १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. त्याआधी किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले होते, त्यामुळे व्यापाऱ्याची भाषा त्यांना चांगली अवगत होती. वसतिगृहाच्या चुलीसाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले, हे लोकांना ठाऊक होते. अशा संस्थेला देताना कागद मागण्याची वेळ आली नाही, कारण मुलांच्या ताटात काय पडते ते देणाऱ्याला दिसत होते. वाईतील प्राज्ञपाठशाळेचेही तसेच. केवलानंद सरस्वतींनी १९१६ मध्ये उभारलेली ती संस्था कृष्णाकाठीच, सर्वांच्या नजरेसमोर होती.

आज दाता आणि संस्था यांच्यात ती नजर उरलेली नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराचा दिवस मागण्या आणि हप्ते यांत जातो. डोंगरपट्ट्यात पंधरा-वीस मुलांचे वसतिगृह चालविणाऱ्याला कारखानदाराच्या केबिनपर्यंत पोहोचण्याचा मार्ग ठाऊक नसतो. पोहोचतो तो, ज्याच्याकडे गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक आणि पुढाऱ्याची चिठ्ठी आहे. पुढे कधीतरी दात्याला कळते की, ज्या अंध विद्यार्थ्यांसाठी त्याने धनादेश दिला ते विद्यार्थी त्या पत्त्यावर नव्हतेच. तो चारचौघांत काही बोलत नाही, फक्त हात आखडता घेतो. त्याची झळ बसते ती पुढच्या महिन्यात आलेल्या प्रामाणिक संस्थेला. फसवणुकीचा खरा तोटा हा आहे, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

हे अंतर बुजविण्याचे दोन चांगले प्रयत्न महाराष्ट्रातच झाले आहेत. पुण्यात वीणा गोखले व दिलीप गोखले या दांपत्याने २००५ मध्ये ‘देणे समाजाचे’ हा उपक्रम सुरू केला. पितृपक्षात, म्हणजे पर्युषण व दशलक्षण पर्व संपल्यावर लगेच, निवडक सामाजिक संस्थांचे प्रदर्शन भरवायचे आणि दात्याने संस्थेच्या माणसाशी समोरासमोर बोलून द्यायचे, अशी ही साधी योजना. तिचे मर्म प्रदर्शनाच्या मांडवात नाही. त्याआधी संस्थेच्या जागी जाऊन काम पाहण्यात आणि मगच तिला बोलावण्यात ते आहे. दुसरा प्रयत्न ‘लोकसत्ता’ दैनिकाचा. २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या शीर्षकाखाली या दैनिकाने दहा-दहा संस्थांची ओळख वाचकांना करून दिली. वाचकांनी धनादेश काढले ते त्या संस्थांच्या नावे, वृत्तपत्राच्या नावे नव्हे. ही बारीक गोष्ट वाटेल. पण ओळख करून देणाऱ्याने पैशाला हात लावायचा नाही, हा या व्यवहाराचा कणा आहे. देशपातळीवर ‘गिव्ह इंडिया’ने २००० पासून संस्थांची छाननी करून दात्यांपुढे ठेवण्याचे काम हाती घेतले. त्या मोठ्या यादीत डोंगरातले वसतिगृह सापडेलच असे नाही.

कायद्याने काही काम सोपे केले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि असा निधी घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी आवश्यक झाली. वाईतील बहुतेक कारखाने या मर्यादेत येत नाहीत. त्यांचे दान स्वेच्छेचे आहे, म्हणून त्यांची जबाबदारी उलट अधिक. ‘ऐंशी-जी’ या नावाने परिचित असलेल्या करसवलतीबाबतही सावध राहावे. २०२१ मध्ये जुन्या संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली आणि मान्यतेला मुदत आली. म्हणून कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेले जुने प्रमाणपत्र पुरावा ठरत नाही. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, तरीही रोखीचाच आग्रह धरणारी संस्था भेटली तर कारण विचारावे.

धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीचा उतारा मागावा. त्यात आजचे विश्वस्त कोण ते दिसते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो; पण कित्येक संस्थांच्या नोंदीत दिवंगत विश्वस्त वर्षानुवर्षे विराजमान असतात. तीन वर्षांचे लेखापरीक्षण पाहावे. सर्व विश्वस्त एकाच घरातले आहेत काय, संस्थेची जागा कोणाच्या नावावर आहे, हेही पाहावे.

एवढे केल्यावर मात्र एक अडचण उरते. लबाडाचे कागद बहुधा सर्वांत नीटनेटके असतात. उलट दिवसभर मुलांची शुश्रूषा करणाऱ्या एखाद्या बाईंच्या संस्थेत पावत्या बिस्किटाच्या डब्यात असतात आणि लेखापरीक्षण दोन वर्षे रखडलेले असते. केवळ कागदांवर निवड केली तर या बाई बाद होतील. म्हणून न कळवता, जेवणाच्या वेळी जावे. स्वयंपाकघर पाहावे, मुलांशी बोलावे, शेजाऱ्यांना विचारावे. आणि काम खरे, पण कागद अपुरे असे आढळले, तर पाठ फिरवू नये. समाजात सनदी लेखापालांची उणीव नाही. वर्षातून चार दिवस कोणी त्या डब्यातल्या पावत्या लावून दिल्या तर तेही दानच. शास्त्राच्या भाषेत ज्ञानदान म्हणावे की अभयदान, एवढाच काय तो प्रश्न!

पन्नास वर्षांची पत असलेल्या ट्रस्टला हे मध्यस्थाचे काम साधण्यासारखे आहे. उद्योजक ट्रस्टला ओळखतात आणि ट्रस्टचे कार्यकर्ते तालुक्यातील गावे ओळखतात. मात्र काही पथ्ये आधीच लिहून ठेवावी लागतील. दान थेट संस्थेच्या खात्यात जावे. ओळख करून देण्याबद्दल ट्रस्टने काही घेऊ नये, व्यासपीठावरील सत्कारसुद्धा नाही. कोणा विश्वस्ताचे नातलग संस्थेत असतील तर त्याने निवडीच्या बैठकीतून उठून जावे. यादी जैन संस्थांपुरती ठेवू नये. ज्या संस्थेला नकार दिला तिला कारण लेखी कळवावे, म्हणजे ती सुधारून पुन्हा येऊ शकेल.

पहिल्या वर्षी पाच संस्था पुरेत. प्रत्येक संस्थेमागे एक उद्योजक आणि एक कार्यकर्ता नेमावा. वर्षभराने त्याच दोघांनी पुन्हा तेथे जावे, पुन्हा न कळवता, आणि दिलेल्या रकमेतून काय झाले ते पर्युषणानंतरच्या सभेत वाचून दाखवावे. निवड चुकली असेल तर तेही त्याच सभेत, त्याच आवाजात वाचावे.