सोळा फुटी बांबू

रेडिओवर आकृती काढून दाखवता येत नाही. म्हणून तुम्ही बसला आहात त्या खोलीलाच आज आकृती समजा.

जयगडला खाडीकाठच्या एखाद्या घरात होडीचा १६ फुटी बांबू पावसाळाभर ठेवायचा आहे. खोली १२ फूट लांब, ९ फूट रुंद, ८ फूट उंच. भिंतीलगत तो मावणार नाही. जमिनीवर कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपा टाकला, तर? १२चा वर्ग १४४, ९चा ८१, बेरीज २२५. म्हणजे जमिनीचा कर्ण १५ फूट. फूटभर कमीच पडला! आता एक टोक तिथेच ठेवून दुसरे समोरच्या कोपऱ्यात छतापर्यंत उचला.

इथे मुले अडखळतात. पायथागोरसचा नियम काटकोन त्रिकोणाचा. अधांतरी बांबूखाली काटकोन कुठला? उत्तर गवंड्याच्या ओळंब्यात आहे. ओळंब्याची दोरी जमिनीला जिथे टेकते, तिथून जमिनीवर कुठल्याही दिशेला रेघ मारा आणि गुण्या लावून बघा: काटकोनच. म्हणून कोपऱ्याची उभी कड त्या १५ फुटी कर्णालाही काटकोनात असते. २२५ आणि ८चा वर्ग ६४ मिळून २८९, वर्गमूळ १७. बांबू मावला.

तीन बाजूंच्या वर्गांची बेरीज, तिचे वर्गमूळ, हे सूत्र यातूनच येते. ते आधीच पाठ करून घेतले की ओळंबा हातातून निसटतो, याचे मला फार वाईट वाटते. समुद्रातल्या होडीपासून जयगडच्या दीपगृहातल्या दिव्यापर्यंतचे सरळ अंतरही असेच निघते: पूर्वेला किती, उत्तरेला किती, वर किती.

आयताच्या कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, तोही दोरी ताणून वेदी आखणाऱ्यांसाठी. पण खोलीसारख्या पेटीचे एक कोडे पुरते सुटलेले नाही: तीन बाजू, पृष्ठांचे तीन कर्ण आणि आतला कर्ण, सगळे पूर्णांक येतील का? ४४, ११७ आणि २४० अशा बाजूंच्या पेटीत पृष्ठांचे कर्ण १२५, २४४, २६७ असे पूर्णांक येतात. आतला कर्ण मात्र २७० आणि २७१ यांच्या मध्ये अडकतो. सातही लांब्या पूर्णांक असलेली पेटी आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेले नाही.