काळा पहाड आणि धनंजय

भिवंडीच्या मागांची खडखड मागे टाकून पश्चिमेला समुद्राकडे निघालं, की वसई तालुक्यात अर्नाळा लागतं. किल्ल्याचं गाव. मराठी रहस्यकथेतलं सर्वांत मोठं नाव याच गावावरून आलं: बाबूराव अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा एकट्याने लिहिलेला माणूस!

गंमत त्यांच्या नायकांत आहे. धनंजय हा शेरलॉक होम्सच्या घराण्यातला, पुरावे जोडत गुन्हेगारापर्यंत पोचणारा. सोबत छोटू, म्हणजे आपला वॉटसनच म्हणा. काळा पहाडची तऱ्हा वेगळी. तो कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवतो. एकीकडे ‘हे कोणी केलं?’ हा प्रश्न, दुसरीकडे ‘आता हा कसा निसटणार?’ ही धाकधूक. रहस्यकथेचे दोन मोठे प्रवाह एकाच लेखणीतून वाहिले.

पुढे गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप आणला, सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास. समीक्षकांनी मात्र या सगळ्यांना बराच काळ उंबऱ्याबाहेरच ठेवलं. वाचकांना त्याचं काय? वाचनालयात पुस्तक परत यायची वाट बघणारे तेच होते.