संगमरवराचा भास आणि दगडाचे काम

(आष्टी, जि. वर्धा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावातील सार्वजनिक वास्तू देखणी असावी, ही इच्छा रास्तच आहे. वाचनालय, सभागृह किंवा शाळेचा दर्शनी कक्ष संगमरवराने मढवावा, असे अनेकांना वाटते. परंतु या परिसराची भूमी काळ्या पाषाणाची. संगमरवर राजस्थानातील मकराण्यासारख्या दूरच्या खाणींतून आणावा लागतो आणि त्याचा खर्च लहान गावाच्या अंदाजपत्रकात सहसा बसत नाही. अशा वेळी रंगकामाने संगमरवराचा आभास निर्माण करण्याची कला उपयोगी पडते. मात्र ती कोठे योजावी आणि कोठे टाळावी, हा विवेक कलेइतकाच महत्त्वाचा आहे.

ही कला अर्वाचीन नव्हे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील घरांतही रंगीत दगडी फरशांची नक्कल गिलाव्यावर केलेली आढळली आहे. आपल्या राज्यातील ठळक उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा. औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने आपली माता दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात तो उभारला, असे मानले जाते. अताउल्ला व हंसपत राय या रचनाकारांची नावे त्याच्या प्रवेशद्वारावर कोरलेली आहेत. येथे खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी आहेत. मधल्या भागात काळा दगड असून त्यावर बारीक, घोटीव पांढरा गिलावा चढविलेला आहे. तेथे रंगाऐवजी गिलावा वापरला असला, तरी तत्त्व तेच. जेथे हात लागतो आणि जेथे पाऊस थेट कोसळतो तेथे खरा दगड. जेथे केवळ दृष्टी पोहोचते तेथे त्याचा आभास. ही विभागणी मनात ठेवण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिली अट कोरड्या भिंतीची. नव्या गिलाव्याला पाणी मारण्याचे काम संपल्यावर तो सुकण्यास काही आठवडे द्यावेत. ओल्या भिंतीवरील तैलरंग फुगतो व त्याचे पापुद्रे सुटतात. त्यानंतर लुकणाने खड्डे भरून भिंत काचकागदाने घासावी आणि अस्तराचा हात देऊन पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत. ते वाळल्यावर पांढऱ्यात किंचित काळा व पिवडी मिसळून, जवसाचे तेल व टर्पेंटाइन यांनी तो रंग पातळ करावा. जवस हे तर विदर्भाचे परिचित पीक. हा पारदर्शक रंग चिंधीने किंवा स्पंजाने ढगांसारखा टिपत जावा.

रंग ओला असतानाच पिसाने किंवा बारीक कुंचल्याने शिरा ओढाव्यात आणि मऊ कोरड्या कुंचल्याने त्यांच्या कडा विरघळवाव्यात. खऱ्या संगमरवरातील शिरा म्हणजे चुनखडीत मिसळलेली माती, लोह इत्यादी द्रव्ये. उष्णता व दाब यांमुळे चुनखडीचे रूपांतर होताना ती दगडात पसरतात. म्हणून शिरा समांतर किंवा जाळीसारख्या नसाव्यात. नदीला उपनद्या मिळाव्यात तशा त्या तिरप्या वाहाव्यात, कोठे ठळक व्हाव्यात, कोठे लुप्त व्हाव्यात. भिंतीचे फरशीएवढे चौकोन आखून एकाआड एक रंगविल्यास प्रत्येक फरशी निराळी भासते. शेवटी वाळलेल्या पृष्ठभागावर व्हार्निशचा हात द्यावा.

दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग करू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. शाळेच्या भिंतीवरील जुना रंग कोरडा खरवडू नये, कारण त्याच्या धुळीत शिसे असू शकते. भिंत आधी ओली करावी आणि मुलांना त्या कामापासून दूर ठेवावे.

आता विवेकाचा प्रश्न. १६ ऑगस्ट १९४२ रोजी या आष्टीने स्वातंत्र्यासाठी रक्त सांडले. म्हणूनच गावाच्या नावापुढे ‘शहीद’ हा शब्द लागतो. अशा गावात सभागृहाची आतली भिंत रंगाने संगमरवरी दिसली, तर त्यात कमीपणा नाही. ती काटकसर आहे, आणि गावातील रंगाऱ्याच्या हाताला त्यातून काम मिळते. पण हुतात्म्यांची नावे रंगविलेल्या फरशीवर लिहू नयेत. काही वर्षांत व्हार्निश पिवळे पडेल, भिंतीला ओल येईल आणि अक्षरे पापुद्र्यांबरोबर गळतील. ती नावे खऱ्या दगडातच कोरली पाहिजेत. त्यासाठी संगमरवराचीही गरज नाही. येथला काळा पाषाण त्या कामाला पुरेसा आहे.

शोभेसाठी रंग आणि स्मृतीसाठी दगड, एवढा भेद पाळला तर थोड्या पैशांत वास्तू देखणी होईल आणि गावाचे ऋणही विसरले जाणार नाही. पुढील अंदाजपत्रक मांडताना पंचायतीने या दोन बाबी स्वतंत्र लिहाव्यात, एवढीच विनंती.