बुडालेली पत आणि सैनिकाचे घर

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस 'परदेशातील आपली मुले' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या मनात तेथील पदव्या आणि शिष्यवृत्त्या असाव्यात. तो भाग आम्ही अधिक जाणत्या वक्त्यांवर सोपवितो. आमची उभी हयात एका बँकेच्या कर्जखात्यात गेली. त्यामुळे २०२३ साली सहा महिने अमेरिकेत राहिलो तरी आमच्या दृष्टीस पडले ते कर्जच, आणि तेही ज्याची पत एकदा बुडाली होती अशा माणसाने मागितलेले. तो माणूस आमचा सख्खा भाचा. त्याच्या संमतीनेच ही हकीकत सांगत आहोत. नाव मात्र घेत नाही.

हा मुलगा सहा वर्षांचा असताना आईबापांबरोबर तिकडे गेला, तेथला नागरिक झाला आणि पुढे घरातल्या सर्वांचा विरोध पत्करून तेथील भूदलात भरती झाला. चार वर्षे चाकरी करून तो सन्मानाने बाहेर पडला व टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे स्थायिक झाला. पुढे एक नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंतच्या काळात विम्याचे छत्र गेले, आणि नेमके त्याच वेळी पत्नीचे बाळंतपण अवघड होऊन मूल दिवस भरण्याआधी जन्मले. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात सैनिकावर उपचार होतात. त्याच्या बायकामुलांना तो हक्क सहसा नसतो. बिले क्रेडिट कार्डांवर गेली, कार्डांचे व्याज चढत राहिले, आणि २०१९ च्या अखेरीस त्याने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२० च्या आरंभी न्यायालयाने त्याला कर्जमुक्त केले.

यातील एक अक्षरही आमच्या भगिनीस ठाऊक नव्हते. पूर्वी म्हणे आपल्याकडे ज्या व्यापाऱ्याचे दिवाळे निघे तो दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून ठेवी, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला कळे. आमच्या भाच्याने हा दिवा तीन वर्षे पदराआड झाकला होता. एके रात्री जेवणे झाल्यावर त्याने कागद आमच्यापुढे ठेवले आणि विचारले, "मामा, तुम्ही जन्मभर कर्जे मंजूर केलीत. माझ्यासारख्याला तुम्ही दिले असते का?"

आम्ही निरुत्तर झालो. खरे उत्तर 'नाही' असे होते, आणि ते त्याच्याच घरी, त्याच्याच अन्नावर राहून आम्हांस देववेना. दुसऱ्या दिवसापासून त्या देशाच्या नियमांचे वाचन आरंभले. त्यात जे आढळले ते श्रोत्यांपुढे ठेवितो, कारण या सभेतील अनेकांचे आप्त तिकडे आहेत आणि त्यांपैकी काही सैन्यातही आहेत.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, २२ जून १९४४ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील गृहकर्जाची योजना आजही चालू आहे. पुष्कळांची समजूत अशी की सरकार सैनिकाला कर्ज देते. तसे नाही. कर्ज खाजगी बँक देते. सरकारचे माजी सैनिकांचे खाते केवळ जामीन राहते. आज ही हमी सामान्यतः कर्जाच्या चतुर्थांशाइतकी असते, आणि त्या बळावर बँक सैनिकाकडून पदरची एक कवडीही न मागता घराची पूर्ण किंमत कर्जाऊ देऊ शकते. १९५२ पर्यंत सुमारे २४ लाख घरकर्जांना ही हमी मिळाली होती.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कायद्यात गोरा-काळा असा भेद लिहिलेला नव्हता. तरी १९४७ साली मिसिसिपी राज्यातील तेरा गावांची पाहणी झाली, तेव्हा हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी केवळ दोन काळ्या सैनिकांस मिळाली होती असे दिसून आले. हमी सरकारची होती, पण खिडकीपलीकडे बसलेला माणूस गावचा होता. हक्क कागदावर असणे आणि तो खिडकीवर मिळणे यांतील अंतर ज्ञातिसंस्था चालविणाऱ्यांस विशद करून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या भाच्याच्या पहिल्या अर्जाला एका बँकेने एका दिवसात नकार दिला. तिकडे प्रत्येकाच्या पतीचा एक गुणांक असतो. त्याचा गुणांक त्या बँकेच्या मर्यादेहून कमी होता. तो समजला की सरकारनेच आपल्याला नाकारले. वस्तुतः सैनिक खात्याने किमान गुणांक ठरविलेलाच नाही. पुष्कळ बँका ६२० च्या आसपासची मर्यादा स्वतः होऊन घालतात. काही त्याहून खाली उतरतात. तेव्हा एका दारावरचा नकार हा त्या दाराचा नकार असतो, आणि दुसरे दार ठोठावण्यास कोणाची मनाई नसते.

खात्याचे स्वतःचे म्हणणे अधिक समंजस आहे. भाच्याने घेतली तशी, म्हणजे सर्व देणी एकदम रद्द करणारी दिवाळखोरी असेल, तर न्यायालयाने मुक्त केल्याला दोन वर्षे झाली की ती सहसा आड येत नाही. हप्त्याहप्त्याने देणी फेडण्याची दिवाळखोरी असेल, तर बारा महिने हप्ते वेळेवर भरले व न्यायालयाची संमती मिळाली की विचार होऊ शकतो. दिवाळखोरी नसून नुसती थकबाकी झाली असेल, तर शेवटच्या चुकीनंतर बारा महिन्यांचा नियमित व्यवहार पाहिला जातो. न्यायालयाचा हुकूमनामा असेल तर तो फेडलेला असावा, नाहीतर त्याचे हप्ते वेळेवर चालू असावेत. सरकारचेच देणे थकले असेल तर त्याची वाट लावल्यावाचून गत्यंतर नाही. कारण अर्ज येताच बँकेने सरकारी थकबाकीदारांची यादी पाहणे बंधनकारक आहे. ज्याचे पूर्वीचे सैनिकी कर्ज बुडून घर जप्त झाले, त्याचा तेवढा हक्क सरकारचे नुकसान भरून देईपर्यंत अडकून राहतो. उरलेला हक्क शिल्लक असेल तर तो मात्र वापरता येतो.

दोन वर्षे पुरी होण्याआधीही क्वचित विचार होतो, पण संकट माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते हे दाखवावे लागते, आणि त्यानंतर पत पुन्हा उभी केल्याचेही. अशा संकटांची जी उदाहरणे नियमपुस्तकात दिली आहेत ती आम्ही पुनःपुन्हा वाचली: बेकारी, विम्याने न भरलेली औषधपाण्याची बिले, आणि दीर्घकाळ लांबलेला संप. घटस्फोट मात्र सहसा या यादीत धरीत नाहीत. यावर भगिनीवर्गाने काय म्हणावे ते म्हणावे.

ज्या तरतुदीने आमच्यासारख्या जुन्या कर्ज-अधिकाऱ्याचे डोळे उघडले ती मात्र निराळीच. आम्ही उत्पन्न पाहत असू, तारण पाहत असू, जामीन पाहत असू. सैनिक खाते या सर्वांनंतर एक घरगुती प्रश्न विचारते: हप्ता, कर आणि इतर देणी भागल्यावर महिनाअखेर या घरात जेवायला काय उरते? भाच्याच्या मुलखात चौघांच्या कुटुंबासाठी, कर्ज ८०,००० डॉलरांचे वा अधिक असल्यास, ही शिल्लक दरमहा किमान १,००३ डॉलर असावी लागते. एकूण देण्यांचे प्रमाण उत्पन्नाच्या ४१ टक्क्यांवर गेले, तर शिल्लक आणखी पाचव्या हिश्शाने अधिक असावी अशी अपेक्षा असते. कोणत्याही गृहिणीचा हिशेब याहून वेगळा नसतो. फरक इतकाच की तिला तो कोणी विचारीत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही मामाभाचे कागद जमवू लागलो. सेवामुक्तीचा दाखला होता. त्यावरून खात्याचे पात्रतेचे पत्र मिळाले. न्यायालयाचा हुकूम होता. तीन वर्षांचे घरभाडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दिल्याचे पुरावे होते, आणि याच गोष्टीचे मोल त्याला ठाऊक नव्हते. पतीच्या अहवालात फेडलेले एक देणे अद्याप थकलेले दाखविले होते. ते लेखी तक्रार करून दुरुस्त करवून घेतले. मग त्याने काय घडले त्याचे पत्र लिहिले. पहिल्या मसुद्यात नुसती क्षमायाचना होती. आम्ही ती खोडावयास लावली आणि तारखा घालावयास सांगितले: विमा कधी संपला, मूल कधी जन्मले, बिल किती आले, शेवटचा हप्ता कधी चुकला. कर्ज तपासणाऱ्याला अश्रूंचा उपयोग नसतो. आमच्या तीस वर्षांच्या अनुभवातून त्याला देण्याजोगे तेवढेच होते. अर्ज चालू असताना नवे कार्ड वा नवी मोटार घेऊ नये, हेही बजावले.

दुसऱ्या बँकेत यंत्राने दिलेला निकाल बाजूस ठेवून एका अधिकाऱ्याने स्वतः कागद वाचले. सप्टेंबरात कर्ज मंजूर झाले. या कर्जावर सरकार एक शुल्क घेते. पहिल्याच वेळी आणि पदरचे काही न भरता कर्ज घेणाऱ्यास ते २.१५ टक्के, म्हणजे अडीच लाख डॉलरांवर ५,३७५ डॉलर पडते. भाच्याला सेवेत झालेल्या गुडघ्याच्या दुखापतीबद्दल भरपाई मिळते, म्हणून ते माफ झाले. घराची किल्ली मिळाल्यावर त्याने आईला दूरध्वनी केला, आणि आधी दिवाळखोरीची गोष्ट सांगून मग घराची सांगितली. आमची भगिनी बराच वेळ बोलली नाही. नंतर तिने एवढेच विचारले, "बाळ काचेच्या पेटीत होतं तेव्हा मला का नाही कळवलंस?"

आता लांबलेल्या संपाविषयी. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आपल्या शिक्षणफंडातून थोरल्या मुलासाठी कर्ज घेतलेल्या एका गिरणी कामगार बंधूचे हप्ते त्या संपात थकले. दोन वर्षांनी त्याचा धाकटा मुलगा अभियांत्रिकीच्या प्रवेशाचे पत्र घेऊन आला. ज्या घरातील कर्ज एकदा थकले त्या घरास पुन्हा कर्ज देऊ नये, हे कलम आमच्या समितीने लिहिले होते, आणि ते त्या मुलास वाचून दाखविणारेही आम्हीच होतो. त्याने वाद घातला नाही. पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि नमस्कार करून गेला. हप्ते का थकले, हे आम्ही विचारले नव्हते. विचारण्याची गरजही नव्हती. गिरणगावात ते कोणाला ठाऊक नव्हते?

ते कलम फंडाच्या नियमांत आजही तसेच आहे. त्याच्या दुरुस्तीचा मसुदा आम्ही चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. थकबाकीचे कारण लेखी विचारावे, नंतरची दोन वर्षे पाहावीत, आणि घरात महिनाअखेर काय उरते ते पाहून निर्णय द्यावा, असे त्यात लिहिले आहे. दोन वर्षे अधिक वाटत असतील तर समितीने ती कमी करावीत. मसुदा पुढील सर्वसाधारण सभेपुढे यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.